इंग्रजी शब्दांतला मालक आणि मजूर



या व्यासपीठावरून प्राध्यापकांनी आणि पंडितांनी बोलावे असा प्रघात आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, आणि तीही इंग्रजीत दोनदा नापास होऊन पदरात पडलेली. तेव्हा इंग्रजी शब्दांच्या इतिहासावर मी बोलणार हे छापलेले पाहून आमच्या युनियनच्या कचेरीत बरीच करमणूक झाली. म्हणून या नादाला मी कसा लागलो ते आधी सांगून टाकतो.

त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. मी एका कारखान्यात नवा लागलो होतो. माझ्या शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या एका सोबत्याला चार्जशीट मिळाले. चार्जशीट इंग्रजीत. चौकशीत त्याच्या बाजूने बसायला कोणी तयार नव्हते, म्हणून मी बसलो. आरोपात 'विलफुल' असा एक शब्द होता. विल म्हणजे इच्छा, एवढे तो शाळेत शिकलेला, तेव्हा विलफुल म्हणजे मन लावून काम करणारा, असे त्याने धरले आणि विचारल्याबरोबर तो अभिमानाने म्हणाला, "होय साहेब, विलफुल!" मलाही तो अर्थ बरोबरच वाटला, आणि मी शेजारी बसून मान डोलावली. लिहिणाऱ्याने लिहून घेतले, की मुद्दाम, जाणूनबुजून हुकूम मोडल्याचे कामगाराने कबूल केले आहे. महिन्याभरात त्याची नोकरी गेली. पुढे लेबर कोर्टात आम्ही पुष्कळ धावलो. पण कागदावरची कबुली पुसता आली नाही.

त्या रविवारी मी फुटपाथवरून एक जुना, कव्हर फाटलेला इंग्रजी कोश विकत आणला. पाहायचा होता एकच शब्द. परंतु कोशाची एक खोड आहे. एक दार उघडावे तर आत दुसरी दोन दारे दिसतात. शब्दाच्या अर्थाखाली बारीक टायपात त्याचे कूळ दिलेले असते. ते वाचता वाचता माझ्या ध्यानात येऊ लागले, की हे नुसते शब्द नव्हेत. कोणी काम केले, कोणी खाल्ले आणि कोणी कोणाला काय म्हटले, याची ही जुनी खतावणी आहे. आज त्यातलीच काही पाने आपल्यापुढे उघडतो.

आरंभी माझ्या चुकीची कबुली देतो. 'सॅलरी' या शब्दाची एक गोष्ट आपण ऐकली असेल, की रोमन शिपायांना पगार म्हणून मीठ देत, म्हणून पगाराला सॅलरी म्हणतात. ही गोष्ट मी गेट मीटिंगमध्ये किती वेळा सांगितली असेल, त्याची गणती नाही. 'खाल्ल्या मिठाला जागणे' हे आपल्याकडचे, त्यामुळे टाळ्या हमखास. एकदा सभा संपल्यावर एक निवृत्त शिक्षक जवळ आले आणि त्यांनी शांतपणे विचारले, "याला पुरावा काय?" मी शोधू लागलो. सालारियम या लॅटिन शब्दात मीठ आहे, हे खरे. प्लिनी या पहिल्या शतकातल्या रोमन ग्रंथकाराने तसा संबंध सांगितलाही आहे. पण शिपायांच्या हातावर पगार म्हणून मीठ ठेवत असत, असे दाखवणारा त्या काळचा पुरावा नाही. 'सॅबोटाज'चीही तीच गत. फ्रेंच कामगार आपले लाकडी जोडे, म्हणजे साबो, यंत्रात फेकत, ही कथा मोठी नामी आहे. पण फ्रेंचमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ जोड्यांचा खडखडाट करीत चालणे, आणि त्यावरून काम धसमुसळेपणाने बिघडवणे, असा होता. यंत्रात जोडा फेकल्याचे कोणी पाहिलेले नाही. माझ्यासारख्या माणसाला असल्या कथांचा मोह फार, कारण त्या आपल्या बाजूच्या वाटतात. म्हणून आता जे सांगतो आहे ते निवडून, पाखडून सांगतो आहे.

मागणीपत्रात आम्हाला सदैव लिहावा लागणारा शब्द म्हणजे 'वेज'. हा नॉर्मन फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ तारण, गहाण. कर्जाच्या 'मॉर्गेज'मधला गेज तो हाच. आणि लग्नाच्या 'वेडिंग'मधला वेड हाही त्याचाच जर्मानिक भाऊबंद, कारण लग्नातही शब्द बांधून द्यावा लागतो. दिलेल्या शब्दाची हमी ती वेज. कामाचा मोबदला हा अर्थ त्यातून पुढे निघाला. आपला 'पगार' पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत पागार म्हणजे पैसे चुकते करणे. त्यात हमी वगैरे काही नाही, रोख व्यवहार आहे.

पण मला सर्वांत जास्त थांबवून ठेवले ते 'लॉर्ड' या शब्दाने. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या अँग्लो-सॅक्सन भाषेत, रोटीला 'ह्लाफ' म्हणत. आजचा 'लोफ' तो हाच. रोटीची राखण करणारा तो 'ह्लाफवेआर्द'. बोलताना शब्द झिजत गेला आणि त्याचा 'लॉर्ड' झाला. पार्लमेंटातले लॉर्ड, प्रार्थनेतला लॉर्ड आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून ओळीने बसलेले सारे लॉर्ड, यांचे मूळ रोटीच्या टोपलीवर हात ठेवून बसलेल्या घरधन्यात आहे. आणि 'लेडी'? ती 'ह्लॅफदीये', म्हणजे रोटीचे पीठ मळणारी. आजच्या 'डो' या शब्दातले मळणे तेच. 'डेअरी'देखील त्याच घरातली. कणीक मळणाऱ्या दासीवरून दूधदुभत्याच्या जागेला ते नाव पडले.

एकाने रोटी राखायची, एकीने मळायची. मग खाणारा कोण? त्यालाही शब्द होता. घरच्या आश्रित चाकराला 'ह्लाफएता', म्हणजे रोटीखाऊ, म्हणत. केंटचा राजा एथेल्बर्ट याने इ. स. ६०० च्या सुमारास कायदे केले. इंग्रजी भाषेतले ते सर्वांत जुने कायदे होत. एखाद्या साध्या शेतकऱ्याचा रोटीखाऊ कोणी ठार मारला, तर सहा शिलिंग भरपाई द्यावी, असे त्यात कलम आहे. आणि त्याच कायद्यात स्वतंत्र माणसाच्या जिवाची सर्वसाधारण भरपाई शंभर शिलिंग आहे. नांगर धरणारा, लाकडे फोडणारा, जनावरे राखणारा माणूस; पण त्याचे नाव ठेवताना त्याचे काम कोणाला दिसले नाही, खाणे तेवढे दिसले. आजही वाटाघाटीच्या टेबलावर पगाराचा आकडा 'खर्च' या सदराखाली मांडला जातो, तेव्हा मला हा सहा शिलिंगांचा माणूस आठवतो.

मौज अशी की लॉर्ड आणि लेडी टिकले, बढती घेत घेत वर गेले, आणि रोटीखाऊ हा शब्द मात्र भाषेतून साफ निघून गेला. लेडीच्या हाताला पीठ लागलेले आज कोणालाही दिसत नाही.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि मालकांची भाषा फ्रेंच झाली. १०८६ साली विल्यम राजाने साऱ्या मुलखाची मोजदाद करून जे दप्तर बनवले, ते डूम्सडे बुक. त्यात गावोगावच्या माणसांचे वर्ग लिहिले आहेत, आणि त्यांत सर्वांत मोठा वर्ग आहे 'विलानी' लोकांचा. विला म्हणजे जमीनदाराची शेतवाडी. तिच्याशी बांधलेला कुळवाडी तो विलानस, फ्रेंचमध्ये विलेन. आपल्या सिनेमातला व्हिलन हाच. आपण तिकीट काढून ज्याला शिव्या देतो, तो मूळचा शेतकरी होता.

या विलेनांचे जिणे कसे होते? पुढच्या दोन शतकांत त्यांच्या मानेवरचे जू अधिक घट्ट झाले. आठवड्यातले ठरावीक दिवस लॉर्डाच्या शेतावर फुकट राबायचे. मुलीचे लग्न करायचे तर लॉर्डाला पैसे भरायचे. बाप मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर लॉर्डाच्या घरी जायचे. परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. मात्र पळून जाऊन एखाद्या सनदी शहरात एक वर्ष आणि एक दिवस राहिला, तर तो मोकळा होई.

या माणसाच्या नावाचा अर्थ दुष्ट, बदमाश असा कसा झाला? तो लॉर्डाच्या दिवाणखान्यात झाला. तेथे ज्या कथा रंगत त्या सरदारांच्या. सरदाराच्या अंगी जे असेल ते चांगले, आणि शेतावरच्या माणसाच्या अंगी जे असेल ते हलके. कोर्ट म्हणजे दरबार. दरबारी वागणे ते 'कोर्टियस', सभ्य. शेतवाडीतले वागणे ते विलेनी. उच्च कुळातला तो 'जेंटल', आणि त्याचाच अर्थ पुढे सौम्य, सुशील. जणू नांगऱ्याच्या घरी सौम्य माणूस जन्मालाच येत नाही. चांगल्या कुळातला तो 'जेनेरस', आणि त्याचा अर्थ उदार. उलट 'नेव्ह' म्हणजे मूळचा पोरगा, मग पोऱ्या नोकर, मग लबाड. 'बूर' म्हणजे डच भाषेतला शेतकरी. इंग्रजीत आडदांड, अडाणी. 'मीन' म्हणजे सर्वसामान्य, सामाईक. त्याचा अर्थ झाला हलकट. आपल्याकडे 'गावंढळ' हा शब्द कोठून आला, हे सांगायला नको. 'चर्ल' तर मूळचा स्वतंत्र शेतकरी. त्याचेही पुढे असभ्य दांडगा असे झाले. पण येथे इतिहासाने थोडी थट्टा केली आहे. जर्मानिक भाषांतल्या ज्या मुळापासून हा चर्ल निघाला, त्याच मुळापासून 'चार्ल्स' हे नाव निघाले. २०२२ साली इंग्लंडच्या गादीवर आलेले तिसरे चार्ल्स नावाने तरी त्या चर्लांचे भाऊबंद आहेत.

विलेन हे सारे मुकाट्याने ऐकत राहिला असे मात्र नाही. १३४८-४९ साली इंग्लंडात महामारी आली आणि माणसे इतकी मेली की जमिनी ओस पडल्या. उरलेल्या हातांना किंमत आली. मजूर जास्त मजुरी मागू लागले. तेव्हा १३५१ साली पार्लमेंटने कायदा केला, की महामारीपूर्वी जी मजुरी मिळत होती तीच घेतली पाहिजे, जास्त मागेल तो शिक्षेस पात्र. त्यानंतर युद्धाच्या खर्चासाठी डोईपट्टी बसली. तिसऱ्या खेपेस पंधरा वर्षांवरील प्रत्येकावर एक शिलिंग, मग तो गडगंज असो की मजूर. १३८१ च्या उन्हाळ्यात एसेक्स आणि केंट या परगण्यांतले लोक उठले आणि लंडनवर चालून गेले. वॉट टायलर हा त्यांचा पुढारी, आणि जॉन बॉल नावाचा एक पाद्री त्यांचा उपदेशक. वाटेत त्यांनी जमीनदारांची दप्तरे बाहेर काढून जाळली. कोण विलेन, कोणावर किती वेठ, हे त्या कागदांतच लिहिलेले होते ना! जो कागद आपल्याला वाचता येत नाही, त्याच कागदाने आपण बांधलेले आहोत, हे त्यांना नेमके कळले होते. हा भाग वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचे ते चार्जशीट होते.

१४ जूनला माइल एंड येथे चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड त्यांना भेटला. त्यांनी मागितले, की विलेन हा वर्गच रद्द करा आणि जमिनीचा खंड एकराला चार पेन्स ठरवा. राजाने होकार दिला आणि कारकून बसवून सनदा लिहून दिल्या. सनदा घेऊन पुष्कळजण समाधानाने घरी गेले. दुसऱ्याच दिवशी स्मिथफील्ड येथे बोलणी चालू असता टायलर मारला गेला, आणि २ जुलैला साऱ्या सनदा रद्द झाल्या. जॉन बॉलला त्याच महिन्यात फाशी दिले. विलेनपणा पुढे शंभर-दीडशे वर्षांत हळूहळू विरून गेला, पण तो कोणाच्या सनदेने नव्हे. मजूर मिळेना, म्हणून जमीनदारांनाच रोख खंडाने जमिनी द्याव्या लागल्या. माणूस सुटला. त्याचे नाव मात्र शिवी म्हणूनच राहिले.

आता माझ्या घरातला शब्द घेतो, 'स्ट्राइक'. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ हलकेच हात फिरवणे, सरकत जाणे. कुरवाळण्याचा 'स्ट्रोक' हा त्याचा सख्खा भाऊ. पुढे त्याला ठोसा मारण्याचा अर्थ आला. खलाशांच्या बोलीत त्याचा तिसरा उपयोग होता: शीड खाली उतरवणे. समुद्रावर बलाढ्य जहाज भेटले की दुबळ्या जहाजाने शीड किंवा निशाण उतरवायचे. ती शरणागतीची खूण होती.

१७६८ साली इंग्लंडात धान्य महाग झाले होते आणि मजुरी होती तिथेच होती. त्या वर्षी सुंदरलँड बंदरात खलाशी चौकात जमले, आपली गाऱ्हाणी त्यांनी कागदावरून वाचून दाखवली, आणि मग जहाजांवर चढून शिडांच्या आडव्या काठ्या खाली उतरवल्या. वेतन वाढल्यावाचून एकही जहाज बंदराबाहेर जाणार नाही! लंडनला थेम्स नदीवरही तेच झाले. ज्या कृतीने खलाशी शत्रूला शरण जाई, त्याच कृतीने त्याने मालकाला अडवले. तेव्हापासून काम थांबवण्याला 'स्ट्राइक' म्हणू लागले. मालकांजवळ आणि न्यायाधीशांजवळ त्याला दुसरे शब्द होते: कॉम्बिनेशन, कॉन्स्पिरसी, म्युटिनी. १७९९ आणि १८०० साली मजुरांच्या एकजुटीवर बंदी घालणारे कायदे झाले, ते कॉम्बिनेशन या नावानेच. ते १८२४ साली रद्द झाले. कायद्यातले शब्द कायद्याबरोबर गेले. खलाशांचा शब्द राहिला.

त्या वर्षाची सारी हकिकत मात्र गौरवाची नाही. लंडनच्या गोदीत कोळसा उतरवणाऱ्या हमालांचाही तंटा चालू होता, आणि त्यांच्यात व खलाशांत मारामाऱ्या होऊन माणसे मेली. मुकादमीतल्या एका माणसाच्या घरावर गोळीबार केल्याबद्दल त्याच जुलैत सात हमालांना शॅडवेल येथे फासावर चढवले. आमच्या चळवळीचा हा शब्द जन्मला, त्या वर्षी दोन तऱ्हेचे गरीब एकमेकांच्या अंगावरही गेले होते, हे मला सांगितलेच पाहिजे.

जाता जाता सांगतो, फ्रेंच लोक संपाला 'ग्रेव्ह' म्हणतात. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची वाळू. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी त्या नावाचा चौक होता; तेथे बेकार मजूर काम शोधायला उभे राहत. आणि आपला 'संप'? एखाद्या गुजराती शेजाऱ्याला विचारा. त्याच्या भाषेत संप म्हणजे एकोपा. इंग्रजाचे शीड, फ्रेंचाची वाळू आणि आमच्याकडे एकोपा! नावाप्रमाणे तो नेहमी असतोच असे नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

शेवटचा शब्द 'बॉयकॉट'. हा एका माणसाचे आडनाव आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराची जमीन होती, आणि तिचा कारभार कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट पाहत असे. १८७९ साली आयरिश कुळांनी लँड लीग स्थापली होती. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत त्यांचे पुढारी पार्नेल यांनी सांगितले, की बेदखल केलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, पण त्याच्याशी सारा संबंध तोडा. त्याच महिन्यात बॉयकॉटने कुळांवर बेदखलीच्या नोटिसा बजावायचा प्रयत्न केला. झाले! घरचे नोकर निघून गेले, शेतमजूर निघून गेले, दुकानदार सामान देईनात. पीक शेतात उभे. त्याने लंडनच्या टाइम्सला पत्र लिहिले. ते १८ ऑक्टोबरला छापून आले आणि गाजले. तेव्हा आयर्लंडच्या उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक पीक काढायला आले, आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो शिपाई. पीक पाचशे पौंडांच्या आतबाहेर. ते काढायला सुमारे दहा हजार पौंड खर्च आला असा अंदाज आहे.

हे चालू असता फादर ओमॅली हे तेथील धर्मगुरू आणि जेम्स रेडपाथ हा अमेरिकन वार्ताहर जेवायला बसले होते. अशा वागण्याला 'ऑस्ट्रसिझम' असा भारदस्त ग्रीक शब्द आहे. पण तो शेतकऱ्यांना कळायचा कसा, अशी चर्चा निघाली. तेव्हा ओमॅली म्हणाले, आपण त्याला बॉयकॉट करणे म्हणू. रेडपाथने ही हकिकत लिहून ठेवली आहे. शेतकऱ्याच्या तोंडात बसेल असा शब्द मुद्दाम शोधला, असे उदाहरण मला दुसरे आढळले नाही. काही आठवड्यांत तो वर्तमानपत्रांत आला, आणि काही वर्षांत फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांत गेला. १९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत तो आपल्याकडे घरोघर पोचला. टिळकांच्या चतुःसूत्रीतला 'बहिष्कार' तो हाच.

परंतु आपल्या भाषेत बहिष्कार त्याच्या आधीपासून होता, आणि तो दुबळ्यांच्या हातात नव्हता. जातीने वाळीत टाकणे, ग्रामण्य करणे, विहीर बंद करणे हे ज्यांनी सोसले, त्यांच्या कानाला बॉयकॉट हा स्वातंत्र्याचा शब्द कसा वाटावा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली सभा स्थापली ती बहिष्कृत हितकारिणी, आणि १९२७ साली पत्र काढले ते बहिष्कृत भारत. १९४७ साली घटना समितीपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी मागितले, की सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा. आणि त्याची कलमे त्यांनी घेतली १९२२ च्या ब्रह्मदेशातील बॉयकॉटविरोधी कायद्यातून. महाराष्ट्राने तसा कायदा केला २०१६ साली. तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला.

हे मी तटस्थपणे सांगतो आहे असे समजू नका. वीसेक वर्षांपूर्वी एका संपात आमच्यातला एकजण फुटून कामावर गेला. वस्तीने ठरवले, की त्याच्या घराशी कोणी बोलायचे नाही. ठराव माझ्याच अध्यक्षतेखाली झाला, आणि मेयोची हकिकत मी तेव्हा मोठ्या आवेशाने सांगितली. पुढे मला कळले, की त्याच्या बायकोची घागर नळावरून बाजूला सरकवली जात होती, आणि त्याच्या शाळकरी मुलीशी बाकावर कोणी बसत नव्हते. मी ते थांबवले, पण आठ दिवस उशिरा. ते घर वस्ती सोडून गेले.

कॅप्टन बॉयकॉटही १८८० च्या डिसेंबरात आयर्लंड सोडून गेला. पुढच्या वर्षी तो व्हर्जिनियातल्या स्नेह्यांना भेटायला अमेरिकेस निघाला, तेव्हा प्रवासात त्याने आपले आडनाव गाळले आणि नुसते चार्ल्स कनिंगहॅम असे नाव लावले. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी त्याला तरीही ओळखले.